टाइप मंदारनं केलं

प्रल्हाद,

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून दिली. त्यात तू मनमिळाऊ आहेस, हसतमुख आहेस आणि मंडळाचा आधारस्तंभ आहेस. तू वाचली असतीस तर कागद परत देऊन विचारलं असतंस, "सरी, पण हा कोण रे?" चिटणीसांना पानं आवडली. त्यांनी फक्त एक 'अत्यंत' वाढवला.

त्या पानांत जे बसलं नाही ते इथं लिहितो. आता लपवण्याजोगं काही उरलेलं नाही. ज्या एका माणसापासून लपवायचं होतं, त्याला परवाच्या रविवारी सगळं कळलं, आणि तेही माझ्याच तोंडून, माइकवर, शंभरेक माणसांसमोर. तुला नवल वाटणार नाही. मंदारची फजिती चारचौघांत झाली नाही तर त्याला ती अपुरी वाटते, असं तूच म्हणायचास. पण ही फजिती नव्हती. हिला काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला बरंचसं ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते ऐकायला तू नाहीस.

तुमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलं, मी चार वर्षांपूर्वी. तुमचे पूर्वज घोड्यावरून आले म्हणतात, मी रेल्वेनं आलो आणि स्टेशनवरच बॅग विसरलो. मल्लेश्वरममधल्या तुमच्या गच्चीवरची खोली मला मिळाली ती मराठी माणूस म्हणून. आणि पहिल्याच दिवशी तुझं मराठी ऐकून मी विचारलं, "तुम्ही कन्नड बोलताय का?" तू रागावला नाहीस. "आमचं मराठी जुनं आहे रे, स्वल्प गंज चढलाय. तुझं नवीन आहे, पण त्यात इंग्रजीच फार." तेव्हापासून मी तुझी नक्कल करायला लागलो. गच्चीवर, तुझ्या आईंसमोर, तुझ्यासमोर. मान तिरकी करून 'ठीक आहे'च्या जागी तुझं "सरी, सरी" म्हणायचो आणि सगळ्यांत जास्त तू हसायचास. कावीळ झाली तेव्हा महिनाभर सकाळ-संध्याकाळ तू पेज घेऊन वर येत होतास, आणि मी पडल्या पडल्या तुझीच नक्कल करून तुला दाखवत होतो. हे आता आठवतं तेव्हा मला माझ्या तोंडात काहीतरी कोंबावंसं वाटतं.

सकाळी आपण दोघं यशवंतपूरच्या बसनं जायचो. तू कारखान्यात टूलरूमला, मी तिथून पुढं ऑफिसची गाडी धरायला. एका सकाळी खिडकीशी बसून तूच मला कोपरानं ढोसलंस.

"ती बघ रे. ती बाई बोर्ड वाचायलीय."

स्टॉपवर एक मुलगी उभी होती. मान वर, ओठ हलताहेत. पहिलीतल्या मुलासारखी बसच्या पाटीवरचं एकेक कन्नड अक्षर लावत होती. शेवटचं अक्षर लागेपर्यंत बस सुटली. तिच्या चेहऱ्यावर बस चुकल्याचं दुःख नव्हतं, पाटी वाचता आल्याचा आनंद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर तेच. तू कंडक्टरकडे बघायचास, मी तुझ्याकडे, आणि बस सुटायची.

गणपतीच्या तयारीच्या बैठकीला ती मंडळात आली. मेधा. नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारी. बस चुकण्याची गोष्ट तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितली. चिटणीस म्हणाले, "अहो, कुणाला तरी विचारायचं, ही बस कुठं जाते."

"कायले विचारू? एकदा विचारायची सवय लागली का माणूस जन्मभर विचारतच राहतो. मी वाचून राहिली ना, येईलच."

तिथं मी गेलो. म्हणजे कामातून गेलो. तूही तिथंच गेलास, हे मला फार उशिरा कळलं.

मंडळाचं इंटरनेटवरचं पान मी बनवलं होतं. गणपतीचं चित्र इतकं मोठं टाकलं होतं, की ते उघडेपर्यंत आरती होऊन प्रसादही वाटून व्हायचा. चित्राखाली पाहुण्यांची वही. कुणीही यावं, नाव लिहावं, गाव लिहावं, चार ओळी लिहाव्यात. नावाची चौकट रिकामी ठेवली तरी चालायचं, कारण ती सक्तीची करायची मी विसरलो होतो. माझ्या या चुकीचा पहिला फायदा मीच घेतला.

दुपारची वेळ, डबा खाऊन झालेला, बाकीचे टेबलटेनिसला गेलेले. मी वही उघडली. मंडळात पुण्यामुंबईचे आम्ही दहा-बारा सडेफटिंग होतो. माझ्या नेहमीच्या भाषेत लिहिलं तर ती पहिला संशय आमच्यावर घेणार, आणि आमच्यात जास्त बोलणारा मीच. मग मी युक्ती केली. मान तिरकी केली आणि तुझ्या भाषेत लिहिलं.

"नाव लिहीत नाही. स्वल्प भीती आहे. तुम्ही बसची पाटी वाचता, एकेक अक्षर लावता. वाचून होईतो बस निघून जाते. त्या बसमध्ये मी असतो. रोज वाटतं ड्रायव्हरला सांगावं, थांब की अण्णा, तिचं वाचून होऊ दे. सांगत नाही. सरी. तुम्हाला पाटी वाचता येईल त्या दिवशी तुम्ही बसमध्ये चढाल, आणि मला जागा सोडून उठावं लागेल. तेवढ्याची वाट बघतो."

पाठवलं आणि स्वतःवर फार खूश झालो. दिवसभर प्रोग्रामच्या वाटा शोधणारा माणूस, पण एवढं साधं सुचलं नाही, की मंडळात तुमच्यासारखी जुनी घराणी मोजकीच, त्यांत तरुण मोजके, त्यांत बिनलग्नाचा आणि यशवंतपूरच्या बसनं जाणारा एकच. मी नाव लिहिलं नव्हतं असं मला वाटत होतं. खरं तर मी तुझं लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी मेधा ऑफिसातून छापून आणलेला कागद घेऊन आली. आपण दोघं मांडवासाठी बांबू मोजत होतो. ती सरळ तुझ्यासमोर उभी राहिली.

"हे तुम्हीच ना?"

तू कागद घेतलास. तू हळू वाचायचास, रोमन अक्षरांतलं मराठी तर फारच हळू. अर्ध्यात आल्यावर तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तुझी भाषा कोण चोरू शकतो हे तुला बरोबर ठाऊक होतं. मला वाटलं, आता सांगणार. मला, खरं सांगतो, वाटलं की बरं होईल, याच्या तोंडून कळू दे, माझी मेहनत वाचेल. तू कागदाची घडी घातलीस.

"चूक झाली असली तर क्षमा करा," म्हणालास.

याचा अर्थ हो असाही होत नव्हता आणि नाही असाही. मेधानं तो हो असा घेतला.

"चूक नाही झाली," ती म्हणाली. "पण तुमच्या कारखान्यात इंटरनेट आहे?"

"टाइप मंदारनं केलं."

तू खोटं बोलला नव्हतास. टाइप मीच केलं होतं. मेधा माझ्याकडे वळून म्हणाली, "वा रे टायपिस्ट. आणि मला बोलला पण नाहीस." मी हसलो. माझा चेहरा हसण्यासाठीच घडवलाय, दुसरं काही त्याला पटकन जमत नाही.

संध्याकाळी गच्चीवर तू वाळत घातलेले कपडे काढत होतास आणि माझ्याकडे न बघता बोलत होतास.

"तू का नाही सांगितलास?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मी पहिला विचारलो."

"मला वाटलं तू सांगशील."

"अय्यो, ती मला विचारायली, तुझं नाव मी कसं घेऊ? तुझी गोष्ट आहे ती." मग एक शर्ट उगाच दोनदा घडी करून म्हणालास, "आठ दिवस देतो. जा, सांग तिला. नाही सांगितलास तर मी सांगतो."

त्या आठ दिवसांत मी काय केलं? पहिल्या दिवशी तिच्या ऑफिसला फोन केला आणि गणपतीच्या वर्गणीची चौकशी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टॉपवर उतरायचं ठरवलं आणि दाराशी जाऊन परत आलो, कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी बोलला, बस हसली. चौथ्या दिवशी ती आपल्या बसमध्ये चढली. तू उठून तिला जागा दिलीस. पत्रात तसं लिहिलं होतं म्हणून तू उठलास की तुझ्या सवयीनं, हे मी तुला कधीच विचारलं नाही. ती बसली आणि तुझ्याकडे बघून असं हसली, की मी पुढच्या स्टॉपवर, काही कारण नसताना, उतरलो.

आठ दिवस संपले. तू सांगितलं नाहीस. मीही आठवण केली नाही. नवव्या दिवशी तू जिन्यात थांबून म्हणालास, "मंदार, मला ती आवडायची रे. बोर्ड वाचायची तेव्हापासून. तुझ्याआधी बघितली मी तिला." मी म्हणालो, "ठाऊक आहे. तूच तर दाखवलीस." आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. फार मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखी. त्या थापेचं ओझं तुझ्या पाठीवर कायम राहिलं असणार.

तुझ्या आणि मेधाच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. भटजी म्हणाले सोडा, आणि मी एक क्षण उशिरा सोडलं. सगळे हसले. लग्नानंतर मेधा मला भाऊजी म्हणायला लागली, तूवरून तुम्हीवर आली. आणि जेवायला बसलं की कधी ना कधी त्या कागदाचा विषय निघायचाच. "ह्यांच्याकडे बघून वाटतं का हो भाऊजी, असं लिहिलं असेल म्हणून?" मी म्हणायचो, "अजिबात नाही वाटत." तू ताटात बघत राहायचास. "जुनं जाऊ दे की आता," एवढंच म्हणायचास.

आता आपल्या शेवटच्या भांडणाविषयी. त्याला भांडण म्हणायलाही तू तयार नसतास. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. तू वही आणि पेन घेऊन गच्चीवर आलास आणि माझ्या कॉटच्या कडेवर बसलास.

"ती म्हणायलीय, तसं एकदा परत लिहा. दोन वर्षांत एक ओळ नाही लिहिली तुम्ही."

"मग लिही."

"मला मशीनचं ड्रॉइंग काढायला सांग. हे नाही येत रे. एक लिहून दे. नाहीतर सांगू दे मला तिला, की पहिलंही माझं नव्हतं. दुसऱ्याचा सदरा घालून घरात फिरायचा कंटाळा आला."

मी काय म्हणालो ते तुझ्यासोबत गेलं असं समजून गप्प बसता आलं असतं. पण लिहितो. मी म्हणालो, "मी काय पत्रांची गिरणी घातलीय? तू डबा आणायचा आणि मी दळून द्यायचं? आणि सांगून आता कुणाचं भलं होणार आहे, दोन वर्षांनी?"

तू हसलास, नेहमीसारखा. माझ्या विनोदाला तू कधी एकटं सोडलं नाहीस. मग वही काखेत मारून खाली गेलास.

तुझ्या संसाराची काळजी म्हणून मी नाही म्हणालो, असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडतं. खरं कारण तुला सांगायचं राहून गेलं. तो कागद ती उशाखाली ठेवते, असं आई एकदा हसत बोलल्या होत्या. दुसऱ्याच्या नावानं का होईना, माझे शब्द तिच्या उशाशी आहेत, यावर माझं चाललं होतं. तू खरं सांगितलं असतंस तर तेही गेलं असतं. दुसरं पत्र लिहून द्यायला मी तयार नव्हतो, कारण ते खरोखरच तुझं झालं असतं. आणि 'वाईट का असेना, तुझं तू लिही, तिला तेच हवंय' हे एक वाक्य, जे कुठल्याही शहाण्या मित्रानं म्हटलं असतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी माझ्या वाक्यांत गुंतलो होतो.

पंधरा दिवसांनी तू सकाळच्या बसनं गेलास. मी त्या दिवशी दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटरच्या तारखा बिघडू नयेत म्हणून कुठल्या तरी परदेशी बँकेचा प्रोग्राम दुरुस्त करत होतो. पुढच्या शतकाची काळजी घेत होतो. फोन आला, की मशीनशेजारी उभ्या उभ्या प्रल्हादच्या छातीत कळ आली. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मेधा आधीच पोचली होती. पाट्या वाचत, कुणालाही न विचारता.

तेराव्यानंतर तिनं मला खाली बोलावलं. तो कागद तिच्या मांडीवर होता, घड्यांवर फाटत आलेला.

"रविवारी मंडळात शोकसभा आहे. लोक भाषणं करतील. मला वाटतं हे वाचावं. ह्यांचे स्वतःचे शब्द एवढेच आहेत."

"मेधा, घरातलं आहे ते. लोकांत कशाला?"

"मला ऐकायचंय. माझ्याच्यानं मोठ्यानं होत नाही, मी करून पाहिलं. तुम्ही वाचा. तुम्हाला ह्यांचं बोलणं जमतं."

तेव्हा सांगायला हवं होतं. ती समोर होती, दार बंद होतं, आई आत झोपल्या होत्या. प्रल्हाद, मी शपथेवर सांगतो, मी तोंड उघडलं होतं. पण ती कागदाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी म्हणालो, "सरी." तुझ्या आवाजात. ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग जे रडली ते मला बघवलं नाही.

रविवारी हॉल भरला होता. मी माइकसमोर उभा राहिलो आणि मान तिरकी न करता वाचायला लागलो. तरी तुझा आवाज आला. लोकांना माझ्या तोंडून तू ऐकू येत होतास, आणि मला पहिल्यांदाच तुझ्या आवाजाआड मी ऐकू येत होतो. दोन वर्षांनी मी तिला सांगत होतो. ती पहिल्या रांगेत बसली होती, तिला पाठ होतं, माझ्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होती. मला कागदाची गरज वाटेना. मी त्यावरून नजर काढली.

"त्या बसमध्ये मी असतो," मी म्हणालो. आणि पुढं म्हणालो, "खिडकीशी नाही. खिडकीशी बसलेल्याच्या खांद्यावरून बघतो."

हे वाक्य कागदावर नाही. त्या दुपारी मी ते लिहिलं होतं आणि पाठवण्याआधी खोडलं होतं, कारण त्यावरून मी सापडलो असतो. पण नंतर स्वतःशी म्हणताना मी ते कधी गाळलं नाही. ते माझ्या मते त्यातलं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं. लेखकाचा गर्व, दुसरं काय.

बसमध्ये खिडकी तुझी. तुला बस लागायची. तू खिडकी सोडून कधी बसला नाहीस, आणि हे मेधापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चिटणीसांनी चष्मा काढून डोळे पुसले. मेधाचा चेहरा तेवढा थांबला. मी उरलेलं वाचलं. कसं वाचलं ते आठवत नाही.

सभा संपल्यावर ती चपलांजवळ उभी होती.

"कागद बघू."

मी दिला. तिनं एक ओळ बोटानं धरून वाचली, कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"यात नाही ते."

टाइप करताना राहिलं, असं म्हणता आलं असतं. त्यानं मला तोंडी सांगितलं होतं, असंही. जन्मभर ऐन वेळी मला खोटं सुचत आलंय, तेव्हाही सुचलं. मी बोललो नाही. बहुधा तुझी नक्कल करत होतो.

"ह्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला सांगणार होते?"

"होता. मीच नको म्हणालो."

तिनं मान हलवली. रागावली असती तर मी काहीतरी केलं असतं, पाय धरले असते, विनोद केला असता. ती घरातली एखादी वस्तू कुठं ठेवली असं विचारावं तशी म्हणाली, "मग ह्यांनी मला काय लिहिलं?"

मग तिनं कागदाची घडी त्याच जुन्या रेघांवर घातली, माझ्या हातात ठेवली, "हे तुमचं आहे," म्हणाली, आणि आईंना रिक्षात बसवायला गेली.

प्रल्हाद, तिच्याजवळ तुझं म्हणून एवढंच होतं. तेही मी घेऊन आलोय.